परसबाग : कावेरीकाठचा वाटाणा

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे तक्रारीची असतात. झाड वाढत नाही, फूल टिकत नाही, कीड हटत नाही. थोडक्यात, केलेल्या कष्टांना जमीन दाद देत नाही, असा त्यांचा सूर असतो. दोन वर्षांपूर्वी कुंभकोणमहून एका वाचक भगिनीचे जे पत्र आले, त्यात मात्र तक्रारीपेक्षा काळजीच अधिक होती. ते पत्र, त्याला दिलेले उत्तर आणि त्यातून पुढे जे घडले ते सर्व वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या वेळी तोच विषय घेतला आहे.

या भगिनीचे माहेर पुरंदर तालुक्यात, सासवडजवळ. सासर कुंभकोणमला, तंजावरी मराठी घरात. तिच्या वडिलांनी पुण्याच्या हॉटेलांसाठी काही वर्षे एक निराळा वाटाणा पिकविला होता. त्याचे दाणे सोलून घ्यावयाचे नसतात. शेंग कोवळी व चपटी असतानाच सालीसकट खावयाची असते. लेक सासरी निघाली तेव्हा त्यांनी त्याचे बी तिच्याबरोबर दिले. पहिल्या वर्षी तिने ते पेरले. वेल वाढले, फुले आली आणि गळून गेली. दुसऱ्या वर्षी बी उगवलेच नाही. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते : "वडिलांनी आता शेत खंडाने दिले आहे. यापुढे आमच्या घरी हे बियाणे व्हावयाचे नाही. जे काही उरले ते मूठभर माझ्याजवळ बाटलीत आहे. ते पेरावे, की जपून ठेवावे? पेरले आणि गेले, तर वडिलांना काय सांगू? संक्रांतीला ते प्रथमच आमच्याकडे यावयाचे आहेत."

प्रश्न बागेचा होता आणि बागेपलीकडचाही होता. उत्तराच्या पहिल्याच ओळीत मी लिहिले की, बियाणे जपून ठेवण्याचा खरा मार्ग एकच, आणि तो म्हणजे ते पेरणे. वाटाण्याचे बी कोरड्या, थंड जागी ठेवले तर सुमारे तीन वर्षे चांगले उगवते. पुढे त्याचा जोम झपाट्याने कमी होतो. दमट आणि उष्ण हवेत ही मुदत आणखी आखूड होते. बाटलीत ठेवलेले बी सुरक्षित वाटते खरे, परंतु ते तेथे हळूहळू मरतच असते. म्हणून पेरावयाचे हे ठरलेलेच. मात्र कसे आणि केव्हा, एवढाच विचार करावयाचा.

आता या वाटाण्याविषयी दोन शब्द. इंग्रजीत त्याला 'स्नो पी', म्हणजे हिमाचा वाटाणा, असे म्हणतात. आपल्या नेहमीच्या वाटाण्याच्या शेंगेला आतल्या बाजूने एक चिवट, कागदासारखा पापुद्रा असतो. त्यामुळे टरफल चावत नाही आणि आपण ते टाकून देतो. या जातीत तो पापुद्राच नसतो. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात वाटाण्याची जी सात लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या तपासली, त्यांत 'शेंग फुगीर, की दाण्यांमध्ये दबलेली' हे एक होते. दबलेली शेंग ती ह्याच पापुद्रा नसलेल्या वाटाण्याची. आपल्या देशातही अशा जाती तयार झाल्या आहेत. पंजाब कृषी विद्यापीठाची 'मीठी फली' आणि बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का संपूर्णा' ह्या त्यांपैकी होत. आहाराच्या दृष्टीनेही ही शेंग चांगली : शंभर ग्रॅम ताज्या शेंगांत सुमारे ६० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, आणि साल टाकावी लागत नसल्यामुळे पोटाला आवश्यक असा चोथाही मिळतो.

परंतु हे सारे गुण थंड हवेतले. आणि कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले गाव. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार, मध्ये देवळे आणि तळी, भोवती भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि विड्याच्या पानांचे मळे. दर बारा वर्षांनी जेथे महामहम्‌चे स्नान होते ते हे गाव. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन (१८८७-१९२०) यांचे बालपण गेले तेही येथेच. तमिळनाडूत वाटाणा व्हावयाचा तो निलगिरी आणि कोडैकानलच्या डोंगरांवर. सपाटीवरच्या या चिकण गाळाच्या जमिनीत कोणी त्याच्या वाटेस जात नाही. मग आपल्या भगिनीने हा हट्ट सोडावा काय? मला तसे वाटले नाही. परंतु हट्ट धरावयाचा तर आपण कोणाशी हट्ट धरीत आहोत हे ओळखून धरावा.

प्रथम तिच्या दोन अपयशांचा विचार करू. पहिल्या वर्षी तिने पोंगल झाल्यावर, पाऊस पूर्ण थांबून आभाळ निवळल्यानंतर, जानेवारीच्या अखेरीस बी पेरले. वेलांना फूल आले तेव्हा मार्चचा मध्य झाला होता. त्या सुमारास कावेरीकाठी दुपारचा पारा ३४ अंशांच्या आसपास असतो. वाटाण्याला सरासरी १३ ते १८ अंश सेल्सियस हवा सर्वांत मानवते. पारा तिशीच्या वर जाऊ लागला की फुले गळतात. तेव्हा झाडाचा काही दोष नव्हता. त्याला उशिरा बोलाविले गेले होते. दुसऱ्या वर्षी ही चूक सुधारण्यासाठी तिने ऑक्टोबरच्या मध्यास जमिनीत बी टोकले. तेथील मुख्य पाऊस हा आपल्याकडच्यासारखा जूनचा नव्हे. ईशान्येकडून येणारा तो पाऊस ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. चिकण मातीत पाणी साचले आणि बी कुजून गेले. पहिल्या वर्षी उशीर, दुसऱ्या वर्षी घाई.

म्हणजे कुंभकोणमला वाटाण्याची खिडकी फार अरुंद आहे. थंडीचे म्हणता येतील असे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने. फूल आणि शेंग ह्याच दोन महिन्यांत यावयास हवी. पेरणीपासून फुलापर्यंत सात आठवडे धरले, तर बी पडावयास हवे नोव्हेंबरच्या मध्यास, म्हणजे नेमके पावसाच्या ऐन भरात. पेच हा असा होता.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जानेवारीत पुण्याकडे दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो. कुंभकोणमला २८-२९ पर्यंत. म्हणजे दुपार कुंभकोणमचीच किंचित सौम्य! फरक पडतो तो रात्री. पुण्याकडची रात्र ११-१२ अंशांपर्यंत उतरते. कावेरीकाठची रात्र २१-२२ अंशांच्या खाली क्वचितच जाते. दिवसा पानांनी उन्हात जी साखर तयार केली असते, तिचा काही भाग झाड रात्री श्वसनात खर्च करते. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. थंड रात्री झाडाची शिल्लक वाढते आणि ती शेंगेत उतरते. उबदार रात्री मिळकतीतले पुष्कळसे रातोरात संपते. वाटाण्याचे दैव दिवसा ठरत नाही, रात्री ठरते. म्हणून उष्ण प्रदेशात वाटाणा लावणाऱ्याने दुपारच्या उन्हाची चिंता करावीच, परंतु 'माझ्या घराभोवती रात्री सर्वांत थंड जागा कोणती?' हा प्रश्न त्याआधी विचारावा.

मी हाच प्रश्न तिला विचारला. एक साधा तापमापक घेऊन तो चार-पाच रात्री निरनिराळ्या ठिकाणी टांगून पाहण्यास कळविले. तिला वाटले होते की, वाऱ्यावरची गच्ची सर्वांत थंड असेल. परंतु दिवसभर तापलेली गच्ची रात्री ऊब सोडीत राहते. मागील दारी, ज्याला तेथे 'कोल्लै' म्हणतात त्या परसात, विहिरीजवळच्या पूर्वेकडील पडवीखाली पारा गच्चीपेक्षा दोन अंशांनी उतरलेला आढळला. दोन अंश म्हणजे फार नव्हे; परंतु जेथे सारा मामला काठावरचा आहे, तेथे दोन अंशांनीही निकाल फिरतो. शिवाय या जागी सकाळचे ऊन मिळे, दुपारी घराची सावली येई, आणि वरून पावसाचा थेंब पडत नसे.

सासूबाईंनी तोपर्यंत या उद्योगात काही बोलावयाचे टाळले होते. दोन वर्षे वाया गेलेली त्यांनी पाहिली होती. परंतु कुंड्या पडवीत मांडल्या जात आहेत हे पाहून त्या म्हणाल्या, "हे बरे केलेस. पाहुणी आहे ती. पाहुणीला आधी ओसरीवर बसवतात. एकदम पावसात उभी करत नाहीत." सुनेने हे वाक्य मला पत्रातून कळविले, आणि मी ते माझ्या वहीत उतरवून ठेवले आहे. परक्या हवेतले झाड लावणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांना उष्ण, दमट प्रदेशात हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी ती याच क्रमाने करावी.

कुंड्या मातीच्याच घ्याव्यात, तोंडाशी व खोलीला सुमारे ३० सेंटिमीटर. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि मुळे थंड राहतात; माठातले पाणी गार होते ते ह्याच न्यायाने. प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. दोन भाग परसातली माती, एक भाग नदीची वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे; त्यात मूठभर लाकडाची राख मिसळावी. याहून अधिक खत घालू नये. वाटाणा हे द्विदल पीक आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात. वरून नत्र दिले की पाने माजतात आणि फूल मागे पडते.

जेथे पूर्वी वाटाणा झालेला नाही तेथील मातीत हे जिवाणू नसण्याचा संभव असतो. म्हणून कृषी खात्याच्या केंद्रांवर मिळणारे वाटाण्यासाठीचे रायझोबियमचे पाकीट आणावे. थंड झालेल्या भाताच्या पेजेत ते कालवून बियांना हलक्या हाताने चोळावे, अर्धा तास सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. तांदळाचा प्रदेश असल्यामुळे पेजेची ही रीत तेथे सर्वांच्या परिचयाची आहे.

पेरण्याआधी बियांची परीक्षा घ्यावी. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. पाच दिवसांत सहांना मोड आले. म्हणजे दहांत सहा, हे प्रमाण कळले. त्यानुसार दर कुंडीत पाचांऐवजी आठ बिया, तीन सेंटिमीटर खोल टोकावयाचे ठरले. आणि एक अट मी आग्रहाने घातली : सर्व बी एका दिवशी पेरू नये. सहा कुंड्या १५ नोव्हेंबरच्या सुमारास, सहा कुंड्या त्यानंतर दहा दिवसांनी, आणि तरीही चाळीसएक बिया बाटलीत शिल्लक. शेतकरी सगळे बी एका पावसावर कधी टाकीत नाही. कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात तर नोव्हेंबर हा वादळांचा महिना. २०१८ साली १६ नोव्हेंबरला 'गज' चक्रीवादळाने नागपट्टणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनारा ओलांडून तेथील माडांची केवढी हानी केली हे सर्वश्रुत आहे.

ही सावधगिरी उपयोगी पडली. पहिल्या पेरणीनंतर चौथ्या दिवशी वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस पडवीत शिरला आणि कडेच्या दोन कुंड्या भिजून चिंब झाल्या. त्यांतले एकही बी उगवले नाही. बाकीच्या चार कुंड्यांत आणि दुसऱ्या पेरणीच्या सहांत मिळून अठ्ठेचाळीस रोपे तगली.

वेल वीतभर होताच त्यांना आधार द्यावा. वाटाण्याचे तणावे बारीक असतात, जाड बांबूला त्यांना विळखा घालता येत नाही. बारीक कामट्या, माडाच्या झावळ्यांचे हीर किंवा काथ्याची दोरी त्यांना आवडते. सासूबाईंनी केळीच्या सोपाचे धागे काढून दिले. त्या गावात फुलांचे गजरे आणि विड्याच्या पानांच्या जुड्या याच धाग्यांनी बांधतात. ते मऊ असतात, वेलाला कापत नाहीत आणि हंगाम संपल्यावर खतात कुजून जातात. वेल मीटर-सव्वा मीटर जातात. तेवढ्या उंचीची मांडणी पुरे.

डिसेंबरच्या मध्यानंतर पाऊस ओसरला तेव्हा कुंड्या पडवीबाहेर, सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी सरकविल्या. कुंडीतल्या मातीवर भाताच्या पेंढ्याचा दोन बोटे थर दिला. पाणी सकाळी, मुळाशी, माती बोटाला कोरडी लागेल तेव्हाच. मात्र फूल व शेंग धरतेवेळी ओल तुटू देऊ नये. मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, किंवा निंबोळी अर्क फवारावा. जानेवारीच्या अखेरीस कोरड्या दिवसांत पानांवर पांढरी भुरी येते. प्रथम दिसलेली पाने तोडून दूर टाकावीत आणि वेलांत वारा खेळता ठेवावा.

पहिले पांढरे फूल जानेवारीच्या तिसऱ्या तारखेस उमलले. फूल उमलल्यापासून आठवड्याभरात शेंग काढणीला येते. ती तर्जनीएवढी लांब, चपटी असावी आणि उजेडाकडे धरली असता आत दाण्यांच्या केवळ खुणा दिसाव्यात. दाणा फुगला की साल चरबट होते. दिवसाआड शेंगा काढाव्यात, एका हाताने वेल धरून दुसऱ्याने खुडाव्यात. शेंगा झाडावर जून होऊ दिल्या की वेलाला आपले कार्य संपले असे वाटते आणि ते फुलणे थांबविते.

येथे एका दुसऱ्या वेलाची हकीकत सांगितल्याशिवाय हा वृत्तान्त पुरा होत नाही. त्याच परसात, कुंपणावर, सासूबाईंचा अवरैचा वेल होता. तमिळ भाषेत एक म्हण आहे : 'आडिप्पट्टम् तेडि विदै', म्हणजे आडी महिन्याचा मुहूर्त शोधून पेर. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा महिना. सासूबाई दरवर्षी त्या महिन्यात अवरैच्या चार बिया कुंपणाशी टोकतात आणि पुढे त्याकडे पाहतही नाहीत. दिवस लहान होऊ लागले की तो वेल आपोआप फुलतो, आणि मार्गशीर्ष-पौषात टोपल्या भरून चपट्या शेंगा देतो. उष्ण रात्रींचे त्याला काही वाटत नाही, कारण तो याच हवेतला आहे. आपली भगिनी इतकी वर्षे ती भाजी 'इकडची' म्हणून खात होती. मी तिला विचारले, "शेंग तोडल्यावर वास कसा येतो?" उलट टपाली उत्तर आले : "आमच्या भोगीच्या भाजीतल्या घेवड्यासारखा!" आणि ते खरेच आहे. आपण ज्याला वाल, पावटा, घेवडा अशा निरनिराळ्या नावांनी ओळखतो, ती आणि अवरै ही एकाच जातीची भावंडे होत. माहेरच्या भाजीची आठवण म्हणून ती दोन वर्षे जे शोधीत होती, त्यातले अर्धे कुंपणावर डोलत होते.

भोगी ही संक्रांतीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात होते आणि पोंगलच्या आदल्या दिवशी तमिळनाडूतही होते. नाव एक, दिवस एक. तिकडे पहाटे जुनेपुराणे जिन्नस जाळतात, इकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करतात. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते चालले. त्या काळात कावेरीकाठी येऊन राहिलेल्या घराण्यांनी आपली भाषा जपली आणि स्वयंपाकात मात्र तेथील माती जे देईल ते आपलेसे केले. सासूबाईंच्या घरात दोन्ही रीती नांदतात.

भोगीच्या दिवशी सकाळी वेलांवरून दोन मुठी शेंगा निघाल्या. वडील आदल्या रात्री येऊन पोहोचले होते. त्यांनी एक शेंग कच्चीच दातांनी तोडली, थोडा वेळ चावली आणि म्हणाले, "गोडी आपल्याकडच्यापेक्षा कमी आहे. पण शेंग आपलीच." त्यांची परीक्षा अचूक होती, कमी पडलेली गोडी ही उबदार रात्रींची वजावट होती. त्या दिवशीच्या भाजीत वांगी, गाजर, अवरैच्या शेंगा, तीळ आणि अगदी शेवटी, उतरविण्याआधी दोनच मिनिटे, हा वाटाणा पडला. या शेंगेला अधिक शिजविणे म्हणजे तिचा रंग, कुरकुरीतपणा आणि 'क' जीवनसत्त्व ही तिन्ही घालविणे होय. देठाकडून शीर ओढून काढावी, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतावी, वर ओले खोबरे घालावे. एवढेच तिला पुरते.

सर्व हंगामात मिळून एकूण सव्वा किलो शेंगा मिळाल्या. अवरैच्या एका वेलाने त्याच्या कितीतरी पट दिले. हा हिशेब मी मुद्दाम येथे मांडीत आहे. उष्ण प्रदेशात घरची भाजी भागविण्यासाठी कोणी स्नो पी लावू नये; त्यासाठी घेवडा, गवार, चवळी आहेत. वाटाणा पाहुणी म्हणून बोलवावा, कौतुक करावे, आणि घर चालविणारीला विसरू नये.

आता राहिला बियाण्याचा प्रश्न, ज्यासाठी हा सारा प्रपंच. वाटाण्याचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन होऊन जाते. म्हणून शेजारी दुसरी जात असली तरी बी सहसा भेसळ होत नाही, आणि घरी धरलेले बी मुळासारखेच निघते. अट एवढीच की, ते विकत आणलेल्या संकरित वाणाचे नसावे. फूल लागताच सर्वांत निरोगी व ज्यांना शेंगा लवकर धरल्या असे तीन वेल निवडून त्यांना रंगीत दोरा बांधला. त्यांच्या शेंगा भाजीसाठी एकही काढावयाची नाही, असे ठरले. हंगामाच्या शेवटी उरलेल्या शेंगांचे बी धरण्याची जी चाल आहे ती चुकीची. त्यामुळे आपण उशिरा येणाऱ्या, थकलेल्या झाडांचीच संतती वाढवितो. शेंगा वेलावरच वाळून खुळखुळू लागल्यावर काढल्या, सावलीत आठ दिवस सुकविल्या, बी दाताखाली फुटेल पण दबणार नाही इतके कोरडे झाल्यावर कोरड्या राखेत घोळून काचेच्या बाटलीत बूच घट्ट लावून ठेवले. मोजले तेव्हा एकशे चौतीस बिया भरल्या. कावेरीकाठच्या उबदार रात्री सोसून ज्या वेलांनी शेंग धरली, त्यांचेच हे बी आहे. पुढील काही वर्षे अशीच निवड करीत गेल्यास घरच्या पाण्याला आणि हवेला सरावलेले बियाणे होण्याची आशा धरता येईल.

निरनिराळ्या प्रांतांतील वाचकांसाठी पेरणीची वेळ थोडक्यात सांगतो म्हणण्यापेक्षा, येथे नोंदवून ठेवणे बरे. महाराष्ट्राच्या पठारावर आणि विदर्भात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडे ऑक्टोबरचा उत्तरार्ध व नोव्हेंबरचा आरंभ. कोकण व गोव्यात नोव्हेंबरच्या अखेरीस, रात्री निवू लागल्यावर. तमिळनाडूच्या किनारपट्टीत नोव्हेंबरच्या मध्यास, परंतु छपराखाली. एक इशाराही द्यावयास हवा. शोभेसाठी लावतात त्या सुगंधी 'स्वीट पी' या फुलझाडाच्या शेंगा दिसावयास वाटाण्यासारख्या असल्या तरी त्या विषारी असतात. दोन्ही वेल शेजारी लावू नयेत आणि मुलांना त्यांतील फरक दाखवून ठेवावा.

मागच्या महिन्यात कुंभकोणमहून पुन्हा पत्र आले. वडील परत जावयास निघाले तेव्हा लेकीने बियांचे दोन समान भाग केले. एक स्वतःजवळ ठेवला आणि दुसरा त्यांच्या पिशवीत घातला. शेत खंडाने दिलेले असले तरी सासवडच्या घरामागे हातभर जागा आहेच. तेथे त्यांनी ते कार्तिकात टोकले. "सदुसष्टांपैकी एकसष्ट उगवल्या," असे त्यांनी मोजून कळविले आहे. पत्राखाली सासूबाईंनी एक ओळ आपल्या हाताने लिहिली आहे : येत्या आडीत पेरण्यासाठी अवरैच्या चार बियाही त्यांच्याकडे धाडल्या आहेत.